यंत्र कोणाच्या दारात बसवले?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या वृत्तपत्राच्या पत्रव्यवहाराच्या सदरात धार्मिक स्थळांतील थेट प्रक्षेपण, मोबाईलवरून दिल्या जाणाऱ्या देणग्या आणि भाविकांचे व्हॉट्सअ‍ॅप गट यांविषयी अलीकडे बरीच पत्रे येत आहेत. बहुतेक पत्रलेखकांनी एक तर नव्या साधनांचे भरभरून स्वागत केले आहे, नाहीतर त्यांच्यामुळे श्रद्धेचा बाजार झाल्याची खंत व्यक्त केली आहे. नगर जिल्ह्यातील एका प्रॉटेस्टंट मंडळीची (चर्चची) सभासद आणि निवृत्त शिक्षिका म्हणून मला या चर्चेत एक मुद्दा मांडावासा वाटतो. यंत्र चांगले की वाईट, एवढ्यावरच आपण अडकून पडलो आहोत. ते कोणाच्या दारात बसवले, त्यामुळे कोणाची पावले कोणाकडे वळली आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे विचारल्याशिवाय ख्रिस्ती माणसाला त्या यंत्राविषयी मत बनवता येणार नाही, असे मला वाटते. हे मी ग्रंथांतून कमी आणि आमच्याच जिल्ह्याच्या अनुभवातून अधिक शिकले आहे.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प सुरू केला. वेल्लोरला वैद्यकीय शिक्षण आणि पुढे अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेतलेली ही माणसे जाणूनबुजून महाराष्ट्रातल्या अत्यंत कोरडवाहू, अत्यंत उपेक्षित तालुक्यात येऊन राहिली. पाठोपाठ १९७२ चा दुष्काळ आला. गावोगावी पिण्याच्या पाण्यासाठी बोअर घेऊन हापसे बसवण्याचे काम निघाले, तेव्हा अर्थातच गावातील वजनदार मंडळींना हापसा आपल्या आळीत हवा होता. आरोळे दांपत्याने हापसे दलित वस्तीच्या बाजूला बसतील याची काळजी घेतली. पाणी हवे असेल तर वरच्या आळीतल्या बायकांना हंडा घेऊन त्या वस्तीत यावे लागणार होते, आणि त्या आल्या. ज्या विहिरीच्या काठाला शिवण्याची एका समाजाला पिढ्यान्‌पिढ्या बंदी होती, त्याच समाजाच्या अंगणातला दांडा आता सगळ्या गावाला हापसावा लागत होता.

या घटनेकडे मी पुन्हा पुन्हा वळते, कारण तिच्यात तंत्रज्ञानाविषयीचा ख्रिस्ती विचार मला सर्वांत स्पष्ट दिसतो. हापसा तोच होता, त्याच कारखान्यातून आलेला, त्याच पाइपांचा, तेवढेच पाणी देणारा. तो पाटलाच्या वाड्यासमोर बसला असता, तरी गावाची तहान भागलीच असती आणि सरकारी कागदावर त्याची नोंदही तशीच झाली असती. मात्र गाव जिथल्या तिथे राहिले असते. हापसा कोठे बसवायचा याचा निर्णय ज्यांनी घेतला त्यांच्या मनात, मार्गाच्या कडेला पडलेल्या माणसाचा शेजारी कोण ठरला, हा प्रभू येशूने एका दाखल्यात विचारलेला प्रश्न जिवंत होता. म्हणून लोखंडाच्या एका साध्या साधनाने माणसांना एकमेकांच्या अंगणात आणले.

औषधोपचाराच्या बाबतीतही जामखेडने हेच केले. डॉक्टर, परिचारिका आणि गाड्या वाढवण्याऐवजी गावातील निरक्षर, बहुतेक वेळा दलित वा भूमिहीन घरांतील स्त्रियांना आरोग्य सेविका म्हणून शिकवले गेले. त्या ठरलेल्या दिवशी जामखेडला येत, रात्री मुक्काम करत, एकमेकींचे अनुभव ऐकत आणि गावी परतून बाळाचे वजन कसे घ्यायचे, नाळ कापायचे पाते का उकळायचे, जुलाब लागलेल्या मुलाला मीठ-साखरेचे पाणी कसे पाजायचे हे शेजारणींना सांगत. १९७० च्या सुमारास त्या भागात जन्मणाऱ्या दर हजार बालकांमागे दीडशेहून अधिक बालके वर्षाच्या आत दगावत होती. १९९० च्या दशकात हे प्रमाण तिशीच्या आत आले. जगभरातून लोक हे काम पाहायला आले आणि १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. प्रकल्पात रुग्णालय होते, शस्त्रक्रिया होत होत्या, कृत्रिम पाय तयार करण्याची कार्यशाळाही होती. म्हणजे यंत्रांना तेथे कोणी कमी लेखले नव्हते. मात्र प्रत्येक साधन दुसऱ्या माणसाच्या हातातून, त्याच्या उंबऱ्यावर पोहोचवले जात होते.

पवित्र शास्त्र उघडले तर तेथेही असेच घडताना दिसते. प्रेषित पौलाच्या काळात पत्र हे दूरसंपर्काचे सर्वांत प्रगत साधन होते. पपायरसचा कागद, बांधीव रोमन रस्ते आणि समुद्रातील जहाजांचे मार्ग यांच्याशिवाय बायबलमधील नव्या कराराचा मोठा भाग अस्तित्वातच आला नसता. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या शेवटच्या अध्यायात फिबी नावाच्या सेविकेचा उल्लेख येतो. ते पत्र तिच्याच हातून रोमला गेले असे अनेक अभ्यासक मानतात. तिचे प्रभूमध्ये स्वागत करा आणि तिला ज्या गोष्टीची गरज पडेल त्यात मदत करा, असे पौल मंडळीला सांगतो. पत्राबरोबर एक माणूस येत होता, त्याला जेवू घालावे लागत होते, झोपायला जागा द्यावी लागत होती. योहानाच्या दुसऱ्या पत्राचा शेवट तर आजच्या प्रत्येक मंडळीने वाचावा. पुष्कळ लिहायचे आहे, पण ते कागद आणि शाईने लिहिण्याची इच्छा नाही, तुमच्याकडे येऊन समक्ष बोलावे अशी आशा आहे, म्हणजे आपला आनंद पूर्ण होईल, अशा अर्थाचे ते शब्द आहेत. त्याने पत्र लिहिले, साधन वापरले, आणि आनंद पूर्ण व्हायला ते पुरे पडत नाही हेही त्याच पत्रात नोंदवून ठेवले.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाला नव्या तंत्राची भीती कधीच नव्हती. अमेरिकन मिशनऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मुंबईत छापखाना उभारला. त्या छापखान्यात काम शिकलेल्या गणपत कृष्णाजी यांनी स्वतःचा छापखाना काढून १८३१ मध्ये मराठी पंचांग छापले. ज्या तंत्राने शुभवर्तमान छापले गेले, त्याच तंत्राने पंचांगही छापले गेले, यात मला काहीच वावगे वाटत नाही. कला पसरायची ती अशीच पसरते. १८४२ मध्ये आमच्या नगरहून ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले आणि पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांसारख्या कवीने त्याचे संपादन केले. ज्या काळात वाचता येणारी माणसे खेड्यात बोटांवर मोजण्याइतकी असत, त्या काळात छापील अंक कोणीतरी मोठ्याने वाचून दाखवावाच लागे, आणि वाचणाऱ्याभोवती चार माणसे बसत.

पंडिता रमाबाईंच्या केडगावचा छापखाना हे या परंपरेतील सर्वांत तेजस्वी उदाहरण आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणलेल्या अनाथ आणि निराधार मुली, कोवळ्या वयात विधवा झालेल्या स्त्रिया, घरच्यांनी टाकून दिलेल्या बायका यांनी तेथील रमाबाईंचे मुक्ती सदन भरले होते. रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांचा अभ्यास करून सोप्या मराठीत संपूर्ण बायबलचे भाषांतर हाती घेतले आणि ते छापण्याचे काम याच स्त्रियांना शिकवले. छपाईचे खिळे (अक्षरांचे ठसे) जुळवणे, मुद्रिते तपासणे, यंत्र चालवणे, पाने दुमडणे, बांधणी करणे ही सारी कामे त्यांनी केली. अंध मुलींना ब्रेल लिपी शिकवली गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या, तोवर भाषांतराचे काम हातावेगळे झाले होते. संपूर्ण ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. हेच बायबल मुंबईतल्या एखाद्या मोठ्या छापखान्याकडून कमी श्रमात आणि बहुधा कमी वेळात छापून घेता आले असते. रमाबाईंनी यंत्र त्या स्त्रियांच्या दारात आणून बसवले. समाजाने जिला अपशकुनी म्हणून कोपऱ्यात बसवले, तिच्या हातांनी देवाच्या वचनाचे खिळे जुळवले जावेत, हा निर्णय मला भाषांतराइतकाच मोठा वाटतो.

अशा वारशाची माणसे आज आपल्या मंडळ्यांत यंत्र कोठे बसवत आहेत, हे आता पाहू.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली आणि त्या वर्षी १२ एप्रिलचा पुनरुत्थानाचा सण (ईस्टर) आमची मंदिरे, म्हणजे चर्च, बंद ठेवूनच साजरा करावा लागला. राज्यातील प्रार्थनास्थळे त्या वर्षी दिवाळी पाडव्याला उघडली, पुढच्या वर्षीच्या दुसऱ्या लाटेत पुन्हा बंद झाली आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये परत सुरू झाली. त्या काळात मंडळीच्या ज्या पाळकांनी (धर्मगुरूंनी) हातातल्या मोबाईलवरून उपासना घेतली, त्यांचे उपकार मी विसरणार नाही. एकेका घरात मरण शिरले होते, दफनाला चार-दोन माणसेच जाऊ शकत होती, आणि अशा वेळी ओळखीच्या आवाजातली प्रार्थना ऐकू येणे हाच मोठा आधार होता. त्या दिवसांत कॅमेरा प्रत्येकाच्याच दारात बसला होता, कारण प्रत्येकजणच घरात कोंडला गेला होता.

मंदिरे उघडली, सक्षम माणसे परत आली आणि कॅमेरा मात्र तसाच चालू राहिला. आता तो प्रामुख्याने कोणासाठी आहे, याचा फेरविचार फारशा मंडळ्यांनी केलेला दिसत नाही. मधल्या वाटेत तिकाटणे उभे असते, त्याची तार चिकटपट्टीने फरशीला चिकटवलेली असते आणि चित्रात फक्त व्यासपीठ, पाळकसाहेब व गायनवृंद येतात. आता दुसऱ्या टोकाला काय असते ते पाहा. माझ्या ओळखीच्या एका वृद्ध बाई खुब्याचे हाड मोडल्यापासून अंथरुणावर आहेत. रविवारी सकाळी नातू उशीला टेकवून मोबाईल लावून देतो आणि आपल्या कामाला जातो. गीताचा क्रमांक ऐकू येतो, पण ‘उपासना संगीत’ काढून ते पान उघडून देणारे जवळ कोणी नसते, म्हणून त्या पाठ असलेले पहिले कडवे म्हणतात आणि थांबतात. उपदेशाच्या मध्येच जाहिरात लागते, ती बंद कशी करायची हे त्यांना ठाऊक नाही. प्रभुभोजनाच्या वेळी भाकर आणि द्राक्षारस वाटला जाताना त्या पाहतात. पडद्याखाली पाहणाऱ्यांचा आकडा दिसतो, त्यात त्यांचीही गणना होते, आणि उपस्थिती वाढली म्हणून मंडळीच्या सभेत समाधान व्यक्त होते. त्या आकड्यातली एक व्यक्ती कित्येक महिन्यांत मंडळीतल्या कोणाच्या हाताचा स्पर्श न होता पडून आहे, हे आकडा सांगत नाही.

पूर्वी ही जबाबदारी टाळता येत नव्हती. कोणी दोन रविवार दिसले नाही की महिला मंडळाच्या बायका चौकशीला जात, आणि प्रभुभोजनाच्या रविवारी पाळक लहान पेटी घेऊन आजाऱ्यांच्या घरी जात. याकोबाच्या पत्रात आजाऱ्याने मंडळीच्या वडिलांना (ज्येष्ठ सेवकांना) बोलावून घ्यावे आणि त्यांनी त्याच्यावर ओणवून प्रार्थना करावी, असे सांगितले आहे. आज अनेक ठिकाणी थेट प्रक्षेपणामुळे आजारी माणसाची सोय झाली असा समज पसरला आहे, आणि त्याबरोबर ही भेट निमूटपणे बंद पडली आहे. कॅमेरा बंद करा असे मी मुळीच म्हणत नाही. उलट तो त्या बाईंसाठीच चालू ठेवा. पण रविवारी तेवढा वेळ त्यांच्या उशाशी बसून गीताचे पान उघडून देण्यासाठी मंडळीतील एक माणूस आळीपाळीने पाठवा, आणि त्याच दुपारी प्रभुभोजन त्यांच्या घरी न्या.

यावर तरुण मंडळी म्हणतात की कॅमेरा, पडदा आणि चांगली ध्वनियंत्रणा नसेल तर नवी पिढी मंदिरात येणार नाही. त्यांची तळमळ खरी आहे आणि तिचा मी आदर करते. पण या व्यवस्थेत सर्वांत जास्त वंचित राहतो तो आमचा तरुणच, हे मी डोळ्यांनी पाहते. प्रक्षेपण सांभाळणारा मुलगा गीत म्हणत नाही, कारण त्याच्या कानात हेडफोन असतो. प्रार्थनेत डोळे मिटत नाही, कारण आवाजाची पातळी पाहायची असते. प्रभुभोजनाला शेवटी कोणी आठवण केली तरच पुढे येतो. वर्षभर प्रत्येक उपासनेला हजर राहून एकाही उपासनेत सहभागी न झालेला हा मुलगा मंडळीने कोठे बसवला आहे, याचा विचार वडीलधाऱ्यांनी करायला हवा. निदान महिन्यातून एक-दोन रविवार तरी त्याची जागा दुसऱ्याने घ्यावी, आणि ज्या रविवारी दुसरा कोणी नसेल त्या रविवारी प्रक्षेपण झाले नाही तरी चालेल.

पोटापाण्यासाठी पुणे, चाकण, मुंबई किंवा आखाती देशांत गेलेल्यांचा प्रश्न निराळा आहे. गावच्या मंडळीची उपासना पाहताना त्यांना आपली माणसे दिसतात, आपल्या चालीतली गीते ऐकू येतात, याचे मोल मी जाणते. मात्र अशा कुटुंबांना त्या त्या गावातील मंडळीच्या नावे आपले पत्र देणे, तेथल्या पाळकांना फोन करून ‘आमचे एक कुटुंब तुमच्याकडे येत आहे’ असे कळवणे हे मूळ मंडळीचे कर्तव्य आहे. पडद्यावर गावाकडे पाहत राहिलेले कुटुंब राहत्या वस्तीत दहा वर्षे परकेच राहते आणि मग घरात दुःखाचा प्रसंग आला की दारात कोणीच येत नाही.

दानार्पणाविषयीही लिहिणे भाग आहे. मंदिरात देणगीसाठी क्यूआर कोड लावण्यात मला गैर काही दिसत नाही. पैशांचा हिशेब चोख राहतो आणि सुट्या पैशांची अडचण येत नाही. पण एका मंडळीत दर आठवड्याला देणगीदारांची नावे आणि रकमा गटावर टाकण्याची प्रथा पडली आहे, असे तेथील सभासदांकडून कळले. तुझा उजवा हात काय करतो हे डाव्या हाताला कळू नये, या प्रभूच्या शिकवणीशी हे उघड विसंगत आहे. आमच्याकडे कापणीच्या सणाला कोणी बाजरीचे पायलीभर धान्य आणते, कोणी कोंबडी, कोणी परड्यातली चार वांगी. सारे एका ढिगात ठेवले जाते आणि नंतर लिलाव होतो. चार वांगी कोणाची आणि पोते कोणाचे हे ढिगात कळत नाही, आणि लिलावात त्या वांग्यांना कधी कधी पोत्यापेक्षा जास्त बोली लागते. प्रभूने मंदिरातील दानपेटीसमोर बसून दोन टोल्या (अगदी क्षुल्लक नाणी) टाकणाऱ्या विधवेला पाहिले, ते त्याने पाहिले. तिची रक्कम गटावर टाकण्याचा अधिकार कोणाही खजिनदाराला मिळालेला नाही. ज्या आजीकडे मोबाईलच नाही तिच्यासाठी दानाची पिशवी रांगेतून फिरत राहिली पाहिजे, ती रिकामी परत आली तरी.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती प्रार्थनागटांची. कोणाचे ऑपरेशन, कोणाचा गर्भपात, कोणाच्या मुलाचे व्यसन, कोणाच्या लेकीचे मोडलेले लग्न हे सारे प्रार्थनेची विनंती या नावाखाली शे-दोनशे माणसांच्या गटावर जाते आणि तेथून दुसऱ्या गटांवर पसरते. ज्या घरातली गोष्ट असते, त्या घराला अनेकदा विचारलेलेही नसते. पूर्वी अशी गोष्ट पाळकांच्या किंवा एखाद्या विश्वासू बाईच्या कानी जाई आणि ती प्रार्थनेतच राही. देशाने २०२३ मध्ये नागरिकांच्या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणासाठी कायदा केला. पण कायदा नसता तरी आजारी माणसाच्या प्रतिष्ठेची राखण करणे हे मंडळीचे काम होतेच. ज्याच्यासाठी प्रार्थना हवी त्याची परवानगी घ्यावी, जमल्यास नाव न घालता विनंती करावी, आणि विनंती वाचून हात जोडलेले चित्र पाठवणाऱ्याने त्या घरी निदान एक फोन करावा, एवढा साधा नियम प्रत्येक गटाने घालून घ्यावा असे मी सुचवते.

याच गटांवर खोट्या बातम्याही फिरतात. कोठल्या तरी देशातील जुना व्हिडिओ काल अमुक गावी ख्रिस्ती लोकांवर झालेला हल्ला म्हणून येतो, अमुक काढ्याने कर्करोग बरा होतो असे एखाद्या डॉक्टरच्या नावावर येते, दुसऱ्या धर्माच्या माणसांविषयी विष पेरणारा मजकूर बायबलच्या वचनाखाली येतो. आपल्या समाजावर खरोखर अन्याय होतो तेव्हा आपले म्हणणे कोणी ऐकावे असे वाटत असेल, तर आपल्या तोंडून गेलेली प्रत्येक गोष्ट खरी असली पाहिजे. शेजाऱ्याविरुद्ध खोटी साक्ष देऊ नको, ही आज्ञा सिनाय पर्वतावर दगडी पाट्यांवर कोरून दिली गेली. बोटाच्या एका स्पर्शाने पुढे ढकललेला मजकूर तिच्या कक्षेबाहेर जात नाही. ‘मला आला तसा पाठवला’ हे उत्तर न्यायासनापुढे चालणार नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेविषयी थोडेच लिहिते. कॅथलिक बंधूंचे पोप चौदावे लिओ यांनी मे २०२५ मध्ये पद स्वीकारल्यावर आपले नाव निवडताना तेराव्या लिओंची आठवण केली. तेराव्या लिओंनी १८९१ मध्ये कारखान्यांतील कामगारांच्या हक्कांविषयी परिपत्र काढले होते, आणि आज कृत्रिम बुद्धिमत्तेमुळे श्रम आणि मानवी प्रतिष्ठेपुढे तसाच प्रश्न उभा राहिला आहे, असे नव्या पोपनी सांगितले. आम्हा प्रॉटेस्टंटांनीही या विचाराची गांभीर्याने दखल घ्यावी. संदर्भ शोधण्यासाठी, हिशेब मांडण्यासाठी, अंधांना मजकूर वाचून दाखवण्यासाठी हे साधन पाळकांनी अवश्य वापरावे. उपदेश मात्र त्याच्याकडून लिहून घेऊ नये. समोरच्या तिसऱ्या बाकावर बसलेल्या शेतकऱ्याचा कांदा या आठवड्यात मातीमोल भावाने गेला आहे, हे ज्याला शनिवारी त्याच्या ओट्यावर बसल्यामुळे कळले आहे, त्यानेच रविवारी त्याच्यापुढे देवाचे वचन उलगडावे.

शेवटी किंमत कोणाच्या दारात जाते तेही पाहिले पाहिजे. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रुग्णालये आणि शाळांभोवती किमान शंभर मीटरचे शांतता क्षेत्र सरकारला जाहीर करता येते आणि रात्री दहानंतर उघड्यावर ध्वनिक्षेपकाला मनाई आहे. सणासुदीला सरकार देते ती सवलत आपल्याला कायद्याने मिळते. पण मंदिराबाहेरचा कर्णा शेजारच्या घरातल्या बाळंतिणीच्या खिडकीकडे वळलेला असेल, तर ख्रिस्तजयंतीच्या आनंदाची वार्ता तिच्यापर्यंत पोहोचत नाही. इतर धर्मांच्या लोकांच्या आवाजाबद्दल तक्रार करण्यापूर्वी आपला कर्णा आपण खाली उतरवावा, असे माझे स्पष्ट मत आहे. तसेच दर दोन वर्षांनी बदलल्या जाणाऱ्या मोबाईलचे आहे. त्याच्या बॅटरीत लागणाऱ्या कोबाल्टचा जगातील अर्ध्याहून अधिक पुरवठा काँगोतून होतो आणि तेथील खाणींत लहान मुलेही राबत आल्याचे जगाला ठाऊक आहे; टाकून दिलेली यंत्रे आपल्याकडे कोणत्या तरी झोपडपट्टीत उघड्या हातांनी फोडली आणि जाळली जातात. एदेन बागेत ठेवलेल्या माणसावर तिची मशागत आणि राखण, अशी दोन्ही कामे सोपवली होती. मंडळीने चालणारी यंत्रणा चालेल तोवर वापरावी, दुरुस्त करून घ्यावी, आणि मोडीत काढायची असेल तेव्हा ती अधिकृत संकलकाकडेच द्यावी. रविवारच्या शाळेतील मुलांना हे पाठांतराच्या वचनाबरोबर शिकवले, तर घरोघर पोहोचेल.

आता बहुतेक मंडळ्यांच्या वार्षिक सभा जवळ येत आहेत आणि मोठा एलईडी पडदा, नवे कॅमेरे, नवी ध्वनियंत्रणा यांच्या खर्चाचे ठराव अनेक ठिकाणी मांडले जातील. माझी सर्व मंडळ्यांच्या कमिट्यांना कळकळीची विनंती आहे की, ज्या कागदावर यंत्राची किंमत लिहिलेली असेल, त्याच कागदावर मंडळीतील अंथरुणाला खिळलेल्या, एकट्या राहणाऱ्या आणि दूरगावी गेलेल्या सभासदांची संख्या, त्यांच्याकडे कोण आणि केव्हा जाणार, प्रभुभोजन कोण नेणार आणि त्यासाठी किती पैसे राखून ठेवले आहेत, हेही लिहिलेले असावे. सभासदांची नावे वाचून दाखवू नयेत, ती कमिटीच्या नोंदवहीत असली की पुरे. ज्या ठरावात हा भाग नसेल, तो मतास न टाकता पुढच्या सभेपर्यंत तहकूब ठेवावा.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका व मंडळीची सभासद,
अहिल्यानगर